सावली नको

चिनी बाईचं चित्र काढ म्हटलं की आपल्यातले बहुतेक जण एकच चित्र काढतात. डोळ्यांच्या जागी दोन तिरक्या रेघा, डोक्यावर अंबाडा, अंबाड्यात खुपसलेल्या दोन काड्या, हातात पंखा. अंगावर काय काढायचं ते ठाऊक नसतं म्हणून काहीतरी झग्यासारखं, त्याला मोठाल्या बाह्या. अर्धं चित्र होईपर्यंत आपण चीन सोडून जपानात पोहोचलेलो असतो ते वेगळंच. मुंबईच्या जुन्या पारशी घरांत 'गारा' साड्या असतात, त्यांच्यावर एक नक्षी असते, तिला नावच आहे 'चीना-चीनी'. छोटे पॅगोडे, पूल, झाडं आणि त्यांच्यामधून फिरणारे इवलेसे चिनी पुरुष आणि बायका. त्या बायकांना चेहरा म्हणजे जेमतेम चार टाके. त्या कोण असतील हा प्रश्न साडी नेसणारीला कधी पडला नसेल, आणि पडायचं कारणही नाही.

मागे एकदा मी व्यक्तिचित्रांवर लिहिलं होतं तेव्हा मावशीने फोनवर विचारलं, "अरे, पण चित्रात साम्य महत्त्वाचं की मान?" म्हणजे माणूस जसा दिसतो तसा काढायचा की जसा दिसायला हवा तसा? मला तेव्हा पटकन काही सांगता आलं नाही. नंतर एका चित्राबद्दल वाचत गेलो आणि तिचा प्रश्न त्या चित्राच्या आत जसाच्या तसा बसलेला सापडला. ते चित्र चिनी बाईचंच आहे. तैलरंगातलं, पूर्ण आकाराचं, चौकटीसकट सुमारे १६ फूट उंच. काढणारी अमेरिकन, आणि समोर बसलेली चीनची राजमाता त्सशी.

त्सशीबद्दल थोडं सांगतो, ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. जन्म १८३५. १८५२ मध्ये श्यानफंग सम्राटाच्या अंतःपुरात खालच्या दर्जाची उपपत्नी म्हणून आली. १८५६ मध्ये तिला मुलगा झाला आणि तिचं नशीब पालटलं, कारण सम्राटाला दुसरा मुलगा जगलाच नाही. १८६१ मध्ये सम्राट गेला. नेमलेल्या कारभाऱ्यांना बाजूला सारून ही बाई पट्टराणीबरोबर पडद्यामागून कारभार बघू लागली, आणि मध्ये काही वर्षं नावापुरती निवृत्ती घेतली तरी १९०८ मध्ये मरेपर्यंत सत्तेचा दोर तिच्याच हातात राहिला. १८९८ मध्ये तिचा भाचा, ग्वांगशू सम्राट, सुधारणा करायला निघाला तेव्हा तिने त्याला नजरकैदेत टाकलं आणि सहा सुधारकांची मुंडकी उडवली. हेही लक्षात ठेवा. मी तिची वकिली करायला बसलेलो नाही.

मग आलं १९००. बॉक्सर बंडखोर परदेशी लोकांवर तुटून पडले, दरबाराने त्यांची पाठ राखली, आणि पेकिंगमधल्या परदेशी वकिलातींना ५५ दिवस वेढा पडला. तो वेढा उठवायला आठ देशांच्या फौजा आल्या (इंग्रजांच्या बाजूने आपल्याकडचे शीख, रजपूत, पंजाबी शिपाईही त्यात होते) आणि त्सशी साध्या शेतकरणीसारखी निळी सुती वस्त्रं घालून राजधानीतून पळाली, ती थेट शिआनला. या काळात युरोप-अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत तिची जी चित्रं छापून आली ती काय वर्णावी. लांब नखांची चेटकीण, रक्त पिणारी म्हातारी, बाईचं डोकं असलेला ड्रॅगन. यातल्या एकाही चित्रकाराने तिला पाहिलेलं नव्हतं. डोळ्यांच्या दोन तिरक्या रेघा मात्र प्रत्येकात होत्या. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या डेली मेलने तर वकिलातींमधल्या सगळ्या परदेशी लोकांची कत्तल झाल्याची साद्यंत बातमी छापली होती. ती माणसं तेव्हा जिवंत होती. बातमी खोटी ठरली, पण चेटकिणीचं चित्र काही पुसलं गेलं नाही.

आता यातली गंमत बघा. त्या वेढ्यात अडकलेल्या माणसांत अमेरिकेच्या वकिलाची बायको होती, सारा काँगर. घोड्याचं मांस खाऊन, गोळ्यांचे आवाज ऐकत तिने ते ५५ दिवस काढले. १९०२ च्या जानेवारीत त्सशी राजधानीत परतली आणि महिन्याभरात तिने वकिलातींमधल्या बायकांना राजवाड्यावर बोलावलं. साराचे हात हातात घेऊन ती रडली म्हणतात, आणि आपल्या बोटांतल्या अंगठ्या काढून तिच्या बोटांत घातल्या. ते अश्रू खरे होते की राजकारणाचे, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. मला वाटतं, राजकारणात मुरलेल्या माणसाला स्वतःलाही ते सांगता आलं नसतं. पण साराला ही बाई आवडली. पुढे घरून येणाऱ्या वर्तमानपत्रांतली ती भयानक व्यंगचित्रं बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. लोकांनी खरी बाई बघावी म्हणून तिने सुचवलं की महाराणींनी आपलं चित्र काढून घ्यावं आणि १९०४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनाला पाठवावं. जिच्या सैन्याने तिला वेढलं होतं, तिच्या चेहऱ्याची काळजी हिने वाहिली!

त्सशीने होकार दिला, पण तो तिला सोपा गेला नसणार. चीनमध्ये राजाराणीचं चित्र भिंतीवर टांगून चारचौघांनी बघायची वस्तू नव्हती. ते बहुतेककरून पूर्वजांच्या पूजेसाठी. माणूस गेल्यावर ते देव्हाऱ्याजवळ लावायचं, धूप दाखवायचा, वाकायचं. श्रीमंत घरांतही हेच. अशा पूर्वजचित्रांचे नियम ठरलेले असत. चेहरा समोरून, अगदी सरळ, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत. दोन्ही डोळे सारखे. कपड्यांवरचा दर्जा बारीकसारीक तपशिलासकट अचूक. आणि चेहऱ्यावर सावली नाही. माणूस अचानक गेला आणि चित्र काढलेलं नसलं, तर चित्रकार घरी एक वही घेऊन यायचा. त्यात नाकांचे, डोळ्यांचे, ओठांचे, हनुवट्यांचे नमुने असत. नातेवाइकांनी बोट ठेवायचं, "आजीचं नाक हे, पण जरा आखूड." मग सगळे मिळून वाद घालायचे. आपल्याकडे तेराव्याच्या आधी फोटो मोठा करून आणतात तेव्हाही घरोघरी हेच होतं, नाही का? "हा आबांसारखा वाटतच नाही" म्हणणारी एक आत्या प्रत्येक घरात असतेच.

पण म्हणून चिनी चित्रकाराला जिवंत चेहऱ्याची पारख नव्हती असं समजू नका. चौदाव्या शतकात वांग यी नावाच्या चित्रकाराने व्यक्तिचित्रणाची गुपितं सांगणारा छोटासा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाला मातीच्या पुतळ्यासारखं ताठ बसवून चित्र काढू नये. तो गप्पा मारत असताना त्याचा स्वभाव चेहऱ्यावर येतो, तेव्हा तो मनात टिपावा आणि मग कागदावर उतरवावा. हे ज्ञान होतं. फक्त दरबारी चित्राला त्याचा उपयोग नव्हता.

आणि चित्रकाराच्या हातात काय ताकद असते हेही चिनी माणसाला लहानपणापासून ठाऊक असतं, ते वांग चाओचुनच्या कथेमुळे. हान सम्राट युआनच्या अंतःपुरात इतक्या बायका होत्या की कुणाला बोलवायचं हे तो चित्रं बघून ठरवायचा. म्हणून बायका चित्रकाराला लाच द्यायच्या. चाओचुनने दिली नाही. माओ यानशौ नावाच्या चित्रकाराने तिला कुरूप काढलं. पुढे हूणांच्या सरदाराला एक राजस्त्री द्यायची वेळ आली तेव्हा सम्राटाने चित्रांतून सगळ्यांत कुरूप निवडली. निरोप द्यायला ती समोर उभी राहिली आणि सम्राट बघतच राहिला. पण शब्द गेला होता. ती इ.स.पूर्व ३३ मध्ये उत्तरेला गेली ती कायमची. चाओचुन खरी, तिचं लग्नही इतिहासातलं. लाचखाऊ चित्रकार मात्र नंतरच्या गोष्टींत आला. असेना. दोन हजार वर्षं ही गोष्ट सांगितली जाते आहे. बाईचा चेहरा दुसऱ्याच्या कुंचल्यात गेला की तिचं काय होऊ शकतं, याचा धडाच तो.

तर १९०३ च्या ऑगस्टमध्ये कॅथरीन कार्ल राजवाड्यात आली. न्यू ऑर्लीन्सची, पॅरिसला चित्रकला शिकलेली, भाऊ चीनच्या कस्टम खात्यात नोकरीला. पंचांग बघून मुहूर्त काढला होता. चित्र सुरू करायचा दिवस आणि तासही ठरलेला. सिंहासनाच्या दालनात ८५ घड्याळं होती असं कार्लने मोजून लिहिलंय. ती सगळी टिकटिकत होती, टोले देत होती, काही गाणी वाजवत होती. त्या कोलाहलात हिने कोळशाने पहिली रेघ ओढायची! मला तर कल्पनेनेच घाम फुटतो. तिला दोन-चार बैठकींचं काम वाटलं होतं. राहिली सुमारे नऊ महिने, आणि एक नाही, चार चित्रं काढली. त्या काळातला तिचा एक फोटो आहे, त्यात ती स्वतःच चिनी पोशाखात आहे. चित्र काढायला आलेल्या बाईला आधी तिथले कपडे चढले.

तिने काय पाहिलं ते तिने १९०५ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय. वर्तमानपत्रं तिच्या तोंडी भलतंसलतं घालू लागली म्हणून ते पुस्तक लिहावं लागलं, असं ती सांगते. त्सशीचं वय ठाऊक नसतं तर चाळिशीची नीट राखलेली बाई वाटली असती, असं तिला वाटलं. रुंद कपाळ, काळेभोर चमकदार डोळे, जरा मोठी पण ठाम जिवणी, पांढरेशुभ्र मजबूत दात, आणि हसली की चेहरा एकदम उजळायचा. मधोमध भांग पाडलेले काळे केस. चेहऱ्याला पावडर नाही, लाली नाही. कारण ती विधवा, आणि तिच्या समाजात विधवेने चेहरा रंगवायचा नसतो. हे वाचून मी थबकलो. साम्राज्याची मालकीण, पण नवरा जाऊन चाळीस वर्षं झाली तरी गालाला लाली लावायची मुभा नाही. हिरे-मोती-फुलं मात्र चालायची. आपल्याकडच्या बायकांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

आता पोशाख. हा भाग मी जरा रमत गमत लिहिणार आहे, कारण 'चिनी पोशाख' म्हणून जे आपल्या डोळ्यांसमोर येतं त्यातलं फार थोडं हिच्या अंगावर होतं.

पहिली गोष्ट, त्सशी चिनी होती पण हान नव्हती. ती मांचू. सतराव्या शतकात उत्तरेकडून आलेल्या घोडेस्वारांनी चीन जिंकला, त्यांची ही पोर. हान बायका पोलका आणि घेरदार परकर असा दोन तुकड्यांचा पोशाख करत. मांचू बायकांचा एकच लांब अंगरखा, गळ्यापासून जमिनीपर्यंत, उजव्या खांद्यापासून खाली बाजूने बटणं. हान मुलींचे पाय लहानपणी मोडून बांधत, मांचू मुलींचे नाहीत. त्सशीचे पाय मोकळे होते, आणि १९०२ मध्ये तिने पाय बांधण्याच्या चालीविरुद्ध फर्मानही काढलं होतं. मांचू बायकांच्या जोडयाला तळव्याच्या मधोमध उंच लाकडी ठोकळा असतो, कुंडीसारखा. त्यावर तोल सांभाळत चाललं की चाल आपोआप डुलती आणि हळू होते. बुटकी बाईही उंच दिसते. त्सशी बुटकीच होती.

चित्रासाठी ती बसली तो अंगरखा पिवळा. राजपिवळा, जो दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. त्यावर विस्टेरियाच्या वेली, म्हणजे ती जांभळ्या घोसांची वेल, आणि मोत्यांचं भरतकाम. बटणं जेडची. वरच्या बटणाला लटकवलेली मोत्यांची माळ, मध्येमध्ये जेडच्या चकत्या. बाजूला एक फिकट निळा रेशमी रुमाल आणि काळ्या गोंड्यांची अत्तराची पिशवी. केस डोक्यावर आडव्या पट्टीसारखे दोन्ही बाजूंना पसरवून बांधलेले, त्यात जेड, मोती आणि ताजी फुलं. आणि उजव्या बाजूने खांद्यापर्यंत लोंबणारा मोत्यांचा झुबका. आपल्या चित्रातल्या त्या दोन काड्यांचा इथे काही संबंध नाही.

नखं! ही सगळ्यांना आधी दिसतात. अनामिका आणि करंगळीची नखं वाढवायची आणि ती मोडू नयेत म्हणून त्यांच्यावर टोकदार टोपणं घालायची. एका हाताला हिरव्या जेडची, दुसऱ्या हाताला सोन्याची, माणिक-मोती जडवलेली. व्यंगचित्रकारांनी यांचेच पंजे केले. खरं म्हणजे त्या नखांचा अर्थ अगदी उलट. या हातांना काम करावं लागत नाही, एवढंच ती सांगतात. अशी नखं लावून साधी सुई ओवता येणार नाही, गळा कुठला घोटता येतो!

इथे गाऱ्याकडे थोडं वळतो, मावशीला साड्यांचा विषय हवाच असतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी माळव्याची अफू आणि कापूस घेऊन कँटनला जात, आणि येताना चहा-रेशीम आणत. त्याच वाटेने भरतकाम केलेलं चिनी रेशीम मुंबईत आलं आणि पुढे साडीच्या लांबीत भरून येऊ लागलं. क्रौंच, कमळं, पिओनीची फुलं. त्सशीच्या अंगरख्यावर जी भरतकामाची भाषा आहे तिच्या नात्यातलीच भाषा मुंबईच्या लग्नांमध्ये मिरवत होती. त्या रेशमामागे अफू होती, हे मात्र सहसा कुणी बोलत नाही. त्याच अफूवरून चीनवर दोन युद्धं लादली गेली आणि दुसऱ्यात, १८६० मध्ये, इंग्रज फौजांनी जुना उन्हाळी राजवाडा जाळला. त्सशी तेव्हा पंचविशीच्या आत होती आणि नवऱ्याबरोबर पळत होती. १९०० चं पळणं तिचं पहिलं नव्हतं.

असो. पोशाख सोपा. तो वाटेल तेवढा वेळ समोर ठेवून रंगवता येतो. डर लिंग नावाची एक दरबारी तरुणी होती, काही वर्षं पॅरिसमध्ये राहिलेली, तिने तर पुढे लिहिलं की महाराणींचा पोशाख आणि दागिने घालून चित्रासाठी तीच कितीदा बसायची. (ती स्वतःला राजकन्या म्हणवत असे आणि तिच्या आठवणींत मीठमसाला पुष्कळ. तरी हे अगदीच अशक्य नाही, साठी उलटलेल्या बाईने तासन्‌तास कोण बसणार?) भांडण झालं ते चेहऱ्यावरून.

कार्ल पॅरिसला शिकलेली. तिथे शिकवतात ते हे, की गोलाई सावलीतून येते. उजेड एका बाजूने घ्या, नाकाची दुसरी बाजू आपोआप गडद होते, गालाखाली छाया येते, आणि सपाट कॅनव्हासवर डोकं उभं राहतं. त्सशीने बघितलं आणि तिला दिसलं की चेहरा अर्धा गोरा आणि अर्धा काळा झालाय. आपला असा चेहरा परक्या देशात गेला तर लोक म्हणतील, ही बाई अशीच आहे! हे अडाणीपणाचं बोलणं नाही. सावली क्षणाची असते, उजेड सरकला की ती जाते. नाक मात्र तिथेच राहतं. मग जे जाणार ते चित्रात कशाला? आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांतही चेहऱ्यावर अशी पडछाया नसते, आणि त्या चित्रकारांना कुणी डोळे नव्हते असं म्हणत नाही.

हा वाद दरबारात नवाही नव्हता. जुझेप्पे कास्तिल्योने नावाचा इटालियन जेझुइट १७१५ मध्ये पेकिंगला आला आणि १७६६ मध्ये मरेपर्यंत तिथे राहिला, तीन सम्राटांचा चित्रकार म्हणून, लांग शिनिंग या चिनी नावाने. त्यालाही सावली सोडावी लागली. त्याने वाट काढली. उजेड समोरून पडतोय असं धरायचं आणि डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या कडेला इतकी फिकट छटा द्यायची की गोलाई तर यावी आणि डाग दिसू नये. छ्यानलोंग सम्राट, त्याची पट्टराणी आणि उपपत्न्यांची एक गुंडाळी आहे, १७३६ ला सुरू झालेली, सध्या अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात. तिच्यात त्याचा हात ओळखू येतो. प्रत्येक स्त्रीचा चेहरा समोरून, प्रत्येकीच्या कानात मांचू रिवाजाप्रमाणे तीन-तीन डूल. पहिल्या नजरेत सगळ्या सारख्या वाटतात. दहा मिनिटं बघत राहिलं की एकेकीची हनुवटी वेगळी होत जाते.

कार्लकडे कास्तिल्योनेची पन्नास वर्षं नव्हती. प्रदर्शनासाठीच्या मोठ्या चित्राला नियमांची यादी वाढतच गेली. सिंहासन मधोमध, मागे पडदा, दोन्ही बाजूंना मोरपिसांचे पंखे, दोन्ही बाजूंना सफरचंदांचे मनोरे, एकाला दुसरं जोड म्हणून. सगळं तराजूत तोलल्यासारखं. वर चिनी अक्षरांत पदव्या. दागिन्यांत बदल, मग पुन्हा बदल. कार्ल पुस्तकात हळहळते, की तिला मोकळेपणाने रंगवू दिलं असतं तर त्या बाईचा खरा स्वभाव दाखवता आला असता. तिचं दुःख खरं आहे. रोज समोर हसणारी, कुत्र्यांशी खेळणारी, मध्येच ताडकन उठून बागेत जाणारी बाई तिने पाहिली होती, आणि कॅनव्हासवर एक मूर्ती होत चालली होती. वांग यीने सांगितलेलं नेमकं तेच करायची तिची धडपड होती, पण ती परकी होती आणि नियम मात्र त्याच्याच देशाचे.

तरी मी त्सशीच्या बाजूने थोडं बोलणार. १९०० पर्यंत तिचा चेहरा जगाने तिला न विचारता काढला होता. तिच्यासमोर बसून, तिच्या नजरेखाली काढलं जाणारं हे परकीय हाताचं पहिलं चित्र. त्यात तिला स्वभाव दाखवायचाच नव्हता. तिला दाखवायचा होता दर्जा. एखाद्या देशाचा पंतप्रधान अधिकृत फोटोत जांभई देत नाही, तसं. आणि अर्थात वयही लपवायचं होतं. ६८ वर्षांच्या बाईचा चेहरा चित्रात चाळिशीचा आहे. गाल गुळगुळीत, सुरकुती एक नाही, डोळे सरळ आपल्याकडे. मला हे चित्र सुंदर वाटत नाही. चेहरा मुखवट्यासारखा आहे, मोती त्याच्यापेक्षा जिवंत वाटतात. पण या चित्रात दोन बायकांची झटापट दिसते, आणि कुणाची सरशी झाली तेही दिसतं.

दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, ह्यूबर्ट व्हॉस हा डच-अमेरिकन चित्रकार आला. त्यालाही हाच पाठ मिळाला. डोळ्यांचे कोपरे वर, ओठांचे कोपरे खाली नकोत, सुरकुत्या नकोत, सावली नको. त्याने शहाणपणा केला. राजवाड्यासाठी सांगितलं तसं, तरुण, गुळगुळीत चित्र काढून दिलं आणि स्वतःसाठी दुसरं काढलं. त्यात वय आहे, कपाळावर करारीपणा आहे, नजरेत संशय आहे. पहिलं पेकिंगच्या उन्हाळी राजवाड्यात राहिलं, दुसरं हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात गेलं. मावशी, साम्य आणि मान दोन वेगळ्या खंडांत नांदतायत बघ.

आणि कॅमेऱ्याचं काय? डर लिंगचा भाऊ श्युनलिंग याने याच सुमारास, १९०३-०४ मध्ये, त्सशीचे पुष्कळ फोटो काढले. ते फोटो तिला फार आवडले. एकात ती करुणेची देवी क्वानयिन बनून बसली आहे आणि तिचा विश्वासू खोजा शेजारी देवीचा रक्षक म्हणून उभा आहे. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात, पण त्यांतल्या काही फोटोंत डोळ्यांखालच्या पिशव्या आणि सुरकुत्या हाताने पुसलेल्या आहेत. फोटोशॉप जन्माला यायच्या किती आधी!

कार्लचं मोठं चित्र एप्रिल १९०४ मध्ये पुरं झालं, तेही पंचांगाने दिलेल्या मुदतीत. कापराच्या लाकडाची कोरीव चौकट, तिची नक्षी त्सशीने स्वतः सुचवलेली. चित्र पिवळ्या रेशमात गुंडाळलं. ते आडवं करायचं नाही, उभंच न्यायचं. माणसांच्या खांद्यावरूनही न्यायचं नाही, कारण खांद्यावरून जाते ती तिरडी. म्हणून परराष्ट्र खात्यापासून स्टेशनपर्यंत खास रूळ टाकले. सेंट लुइसला ते जूनमध्ये समारंभाने उघडलं. प्रदर्शनाला येणाऱ्या माणसांनी चेटकिणीच्या जागी पिवळ्या वस्त्रातली एक शांत, किंचित कंटाळलेली बाई पाहिली. पुढे ते अमेरिकन सरकारला भेट मिळालं, १९०५ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष रूझवेल्टने ते स्वीकारलं, आणि ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनकडे गेलं.

त्याचा उपयोग किती झाला? फार नाही. १९०८ च्या नोव्हेंबरात त्सशी गेली. तिच्या आदल्याच दिवशी ग्वांगशू सम्राट गेला होता, आणि २००८ मध्ये चिनी संशोधकांनी त्याचे केस तपासून आर्सेनिकने मृत्यू झाल्याचं जाहीर केलं. विष कुणी दिलं याचं उत्तर केसांत नसतं, पण बोट तिच्याकडेच दाखवलं जातं. १९१० मध्ये ब्लँड आणि बॅकहाउस या दोन इंग्रजांचं तिच्यावरचं जाडजूड पुस्तक निघालं, आणि पुढची कित्येक दशकं जगाने तिचा चेहरा त्यातूनच वाचला. त्याचा कणा होती एका दरबाऱ्याची रोजनिशी. ती बनावट होती. हा बॅकहाउस अट्टल बनवेगिरी करणारा होता हे ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने १९७६ मध्ये पुराव्यानिशी दाखवलं. म्हणजे सारा काँगरने ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते चित्र भिंतीवर होतं, आणि लोक बघत होते ते भलत्याच माणसाने शाईने काढलेलं. माओ यानशौला तरी लाच हवी होती. बॅकहाउसला काय हवं होतं, देव जाणे.

चित्र पुढे काही दशकं उसनं म्हणून तैवानला होतं. तिथून परतल्यावर वॉशिंग्टनच्या तज्ज्ञांनी त्याची आणि चौकटीची डागडुजी केली, आणि २०११ मध्ये श्युनलिंगच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं तेव्हा ते पुन्हा लोकांसमोर आलं. नेटवर त्याची चांगली मोठी प्रत मिळते. मोठी करून बघा, आणि आधी नखं बघा, मग मोत्यांचा झुबका, मग वेलीचे घोस. चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी जा. नाकाच्या डाव्या-उजव्या बाजू ताडून पाहिल्या तर कार्लने सावलीची एक पुसटशी छटा तरी लपवून ठेवली आहे का, यावर मी आणि माझी बायको अजून भांडतो आहोत.